खोक्यात ना पुस्तक, ना सीडी: कोकणात नवा लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी

नव्या लॅपटॉपचा खोका उघडला की आत काय निघतं? लॅपटॉप, चार्जर, त्याची जाड वायर, चित्रं काढलेला एक घडीचा कागद आणि बारीक अक्षरातलं वॉरंटीचं पत्रक. खोका उलटा करून झटकला तरी आणखी काही पडत नाही. पूर्वी संगणकाबरोबर जाडजूड पुस्तक यायचं, प्लास्टिकच्या पाकिटात सीडी यायच्या, आणि मशीन बिघडलं की दुरुस्तीवाला आधी विचारायचा, "सीडी आहे ना?" आता सीडीचं विचारलंत तर कणकवली-कुडाळकडच्या दुकानात उत्तर ठरलेलं: "ता सगळा आतच असता."

दुकानदार फसवत नाही, सगळं खरंच आत असतं. कंपनी लॅपटॉपच्या एसएसडीचा, म्हणजे सगळं साठवण्याच्या डिस्कचा, एक तुकडा बाजूला काढून त्यात विंडोज पुन्हा बसवण्याचं सामान लपवून ठेवते. पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात असतं. पण हे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं झालं. एसएसडी मेली की तो लपवलेला तुकडाही मेला. आणि लॅपटॉप उघडेना झाला की संकेतस्थळावरचं पुस्तक वाचायचं कशावर?

मुंबई-पुण्याचा माणूस अशा वेळी रिक्षा करून दुकानात जातो. आपल्याकडे इंजिनियर यायचा तो जिल्ह्याच्या गावाहून, नाहीतर घाट उतरून. त्यात जुलै असला तर बोलायलाच नको. म्हणून कंपनीने न दिलेलं पुस्तक आणि न दिलेली सीडी आपणच तयार करायची, आणि तीही पहिल्या आठवड्यात, मशीन धडधाकट असताना. आमच्या वाडीतली कॉलेजला जाणारी मुलं आणि होमस्टेवाले नवा खोका घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मी जे करून घेते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. सगळं विंडोज लॅपटॉपबद्दल आहे. मॅकबुक घेणाऱ्यांना यातलं निम्मंच लागू पडेल, कारण त्याची दुरुस्ती-व्यवस्था मशीनमधूनच इंटरनेटवर जाऊन लागेल ते उतरवून घेते.

१. आधी ठरवा: विंडोजसकट की 'डॉस'वाला

एकाच मॉडेलच्या दोन किमती दिसल्या तर स्वस्त असलेल्याच्या वर्णनात 'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर त्यात विंडोज नाही. दुकानदार लगेच म्हणेल, "टाकून देतो ना, त्याचं काय एवढं!" तो जे टाकून देईल ते बहुतेकदा बिनपरवान्याचं असतं. त्यात लपवलेला रिकव्हरीचा तुकडा नसतो आणि कंपनीने तपासलेले ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायसारखे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, नसतात. शिवाय परवान्याची तपासणी चुकवण्यासाठी जो 'क्रॅक' बसवतात तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार त्याची सुरुवातच अशी. नंतर अस्सल परवाना वेगळा घ्यायला गेलात तर वाचवलेल्यापेक्षा जास्त पैसे जाण्याचीच शक्यता अधिक. विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे मात्र डॉसवाला खुशाल घेवोत. त्यांच्यासाठी ती खरी बचत आहे.

विंडोजसकट घेतलात तर तळाला परवान्याच्या आकड्यांचं स्टिकर शोधत बसू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या तो क्रमांक मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच्या, चिपमध्येच लिहितात. विंडोज पुसून पुन्हा बसवलं तरी ते आपला क्रमांक आपणच वाचून घेतं. म्हणजे सीडी नसली तरी परवाना हरवत नाही. अडचण येते ती वॉरंटीत मदरबोर्ड बदलला जातो तेव्हा. त्या दिवशी इंजिनियर जाण्याआधी 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अॅक्टिव्हेशन' उघडून विंडोज सक्रिय आहे का ते त्याच्यासमोर बघा.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' नावाचं विंडोज असतं. मराठी टायपिंगला त्याने काही अडत नाही. भाषांच्या यादीत मराठी जोडली की 'मराठी फोनेटिक' कळफलक मिळतो. सेटिंग्ज, मेनू अशी सगळी पाटीच मराठीत हवी असेल तर मात्र ही आवृत्ती अडवते.

विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. कागदावरच. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी परवडत असेल तर तीच घ्या. ८ जीबीचा घ्यायचा झाला तर रॅम नंतर वाढवता येते का, की ती बोर्डावरच डकवलेली आहे, हे विचारून घ्या. आणि कोणी विंडोज १० चा जुना साठा स्वस्तात गळ्यात मारत असेल, तर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, हे त्याला ऐकवा.

२. कुठे घ्यायचा ते पिनकोड सांगेल

गणपतीला येताना चाकरमानी मुंबईहून लॅपटॉप घेऊन येतो, दोन हजार वाचले म्हणून सगळे खूश. स्वस्त मिळाला याला माझी हरकत नाही. फक्त घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून एकच विचारा: माझ्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का? 'ऑनसाइट वॉरंटी' असं खोक्यावर छापलेलं असलं तरी ती सगळ्या पिनकोडना सारखी नसते. रत्नागिरी शहरात इंजिनियर येईल, पण राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात येईलच असं नाही. मग लॅपटॉप तुम्हालाच सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो, आणि ते सेंटर कोल्हापूर किंवा पणजीलाही असू शकतं. तुमच्या पिनकोडला घरपोच सेवा असलेली कंपनी थोडी महाग पडली तरी मी तीच घ्यायला सांगते.

स्थानिक दुकानाचा फायदा असा की बिघाड झाला की माणूस समोर असतो. ऑनलाइन घेतलात तर खोका फोडतानाचा व्हिडिओ काढा, सील दिसेल असा, मध्ये न थांबवता. डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून बघायची सोय मिळत असेल तर ती घ्याच.

३. दुकानात, पैसे मोजण्याआधी

सील तुमच्यासमोर फुटू दे. मग खोक्यावरचा सिरीयल क्रमांक आणि लॅपटॉपच्या तळाचा क्रमांक ताडून बघा. तोच क्रमांक बिलावर लिहायला लावा. "लॅपटॉप १ नग" एवढंच बिल देणारे कमी नाहीत, आणि पुढे वॉरंटीचा वाद झाला की त्या बिलाला किंमत नसते.

खोक्यावरच्या लेबलवर किंमत, आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव, ग्राहक सेवेचा पत्ता आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. महिना जुना असेल तर घेऊ नये असं नाही, पण घासाघीस करायला तो मुद्दा हाताशी असतो. आणि बॅटरीही तितकेच महिने खोक्यात पडून होती, हे विसरू नका.

कच्चं बिल घेऊ नका. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो आणि "बिल नको असेल तर कमी करतो" हा सौदा तुमच्या नुकसानीचा आहे. काजूचा धंदा, होमस्टे किंवा आणखी कसला व्यवसाय नोंदणीकृत असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, कर वजावटीत मिळू शकतो.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा. दुकानदार म्हणतो, "सेटअप करूनच देतो, तुम्हाला त्रास नको." तो चांगल्या मनानेच म्हणतो. पण घाईत तो स्वतःचा नाहीतर दुकानाचा ईमेल घालून मोकळा होतो. ते खातं पुढे फार महागात पडू शकतं. कसं, ते पाचव्या पायरीत येतंय. तिथे लॅपटॉप सुरू करून पडद्यावर मेलेला ठिपका नाही ना, कळा सगळ्या दबतात ना, एवढं पाहा. सेटअप घरी, तुमच्या हाताने.

४. हाताशी ठेवायचं सामान आणि कागद

* सिरीयल क्रमांक असलेलं पक्कं बिल आणि त्याचा फोटो. थर्मल कागदावरची छपाई आपल्या दमट हवेत वर्षभरात उडून जाते, म्हणून फोटो त्याच दिवशी काढा आणि स्वतःला ईमेल करा.
* खोक्यावरच्या लेबलचा आणि लॅपटॉपच्या तळाचा फोटो.
* वॉरंटीचं पत्रक. वाढीव किंवा अपघात-संरक्षणाची वॉरंटी घेतली असेल तर तिचा वेगळा कागद.
* ३२ जीबीचा एक आणि १६ जीबीचा एक असे दोन नवे पेनड्राइव्ह. चांगल्या कंपनीचे घ्या. जत्रेतल्या टपरीवर मिळणारा '१ टीबी'चा पेनड्राइव्ह टपरीवरच राहू दे.
* तुमचा स्वतःचा ईमेल आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक.
* भरपूर डेटा किंवा कुणाचं तरी फायबर कनेक्शन.
* एक वही. विनोद नाही, खरीखुरी कागदाची वही.

५. पहिली सुरुवात आणि ४८ आकडे

लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की तो इंटरनेट मागतो आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतो. फोनचा हॉटस्पॉट देऊन सेटअप पार पडतं, पण त्यानंतर अपडेट उतरायला लागतात आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा चहा होईपर्यंत संपतो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, म्हणजे मोठी अपडेट थांबून राहतील. ती उतरवायची नाहीत असं नव्हे. तालुक्याच्या गावी कुणाकडे फायबर असेल तिथे लॅपटॉप एक दुपार ठेवा आणि सगळी एकदम होऊ द्या.

आता खातं. हे तुमच्याच ईमेलने उघडायचं, भाच्याच्या नाही, दुकानदाराच्या नाही, कॉलेज संपल्यावर बंद होणाऱ्या ईमेलनेही नाही. कारण असं: आजच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप सुरू होतं. म्हणजे एसएसडीवरचं सगळं कुलूपबंद. रोजच्या वापरात ते जाणवतही नाही. पण मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, काही फेरफार झाला, कधी बायोस अपडेट झालं, की निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खातं दुसऱ्याचं असेल आणि तो दुसरा सापडेना, तर फोटो, हिशेब, प्रकल्प, सगळं त्या कुलपाच्या आत राहतं. यात दुकानदार, कंपनी, खुद्द मायक्रोसॉफ्ट, कुणीच काही करू शकत नाही. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेच्या लॅपटॉपचा सेटअप दुकानातल्या कामगाराच्या ईमेलने झाला होता. तो काम सोडून गोव्याला गेला. त्याचा शोध लागेपर्यंत परीक्षेचे गुण कागदावरून पुन्हा भरावे लागले.

तेव्हा पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट खात्यात ब्राउझरमधून शिरा, डिव्हाइसच्या माहितीत रिकव्हरी की शोधा आणि ते ४८ आकडे वहीत उतरवा. सहा-सहाचे आठ गट असतात. उतरवून झाले की दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगून ताडून घ्या. वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायची नाही, ही सूचना करावी लागते कारण सगळे तिथेच ठेवतात.

त्याच दिवशी आणखी दोन छोटी कामं. लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळालं असेल तर वर्ड उघडून ते आपल्या खात्याला जोडून घ्या, कारण ते घ्यायला मुदत असते आणि ती गेली की हक्क गेला. आणि कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल क्रमांक टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते बघा. कधीकधी ती माल दुकानदाराला पाठवल्यापासूनच सुरू झालेली दिसते. बिल पाठवलं की तारीख दुरुस्त करून मिळते, पण मागणाऱ्यालाच.

६. न मिळालेली सीडी स्वतः बनवा

लेखातलं मुख्य काम हे. दोन पेनड्राइव्ह सांगितले ते यासाठी. दोन्हींवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यात लावू नका.

*पहिला पेनड्राइव्ह, ३२ जीबीचा: तुमच्याच मशीनची प्रत.* स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं शोधा. जी खिडकी उघडेल त्यात सिस्टिम फाइलींचा बॅकअपही घ्यायचा का, अशी एक चौकट असते. तिच्यावर टिचकी असलीच पाहिजे. ती काढली तर पेनड्राइव्ह फक्त दुरुस्तीची हत्यारं देतो, विंडोज परत बसवून देत नाही. याला वेळ लागतो, तास-दीड तासही. चार्जर लावून ठेवा आणि लाइट जाण्याची वेळ टाळा. यात तुमच्या फाइली येत नाहीत, फक्त विंडोज आणि ड्रायव्हर येतात. वर्षातून एकदा तो नव्याने बनवावा.

काही कंपन्या याहून बरी सोय देतात. एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, डेलचं ओएस रिकव्हरी टूल, लिनोव्होची डिजिटल डाउनलोड रिकव्हरी सेवा, ही सगळी लॅपटॉपच्या लेबलवरच्या क्रमांकावरून तुमच्या मॉडेलची मूळ प्रत पेनड्राइव्हवर उतरवून देतात. लॅपटॉप बंद पडल्यावरही दुसऱ्या विंडोज संगणकावरून हे करता येतं. मात्र डेटा बराच जातो.

*दुसरा पेनड्राइव्ह, १६ जीबीचा: कोऱ्या विंडोजचा.* मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या. ते फुकट आहे. त्याला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण आपल्याला त्याच्यावर आणखी सामान ठेवायचं आहे. हा पेनड्राइव्ह जवळजवळ कुठल्याही कंपनीच्या विंडोज लॅपटॉपवर चालतो, शेजाऱ्याच्याही. एसएसडी बदलून नवी बसवली की यानेच विंडोज बसवायचं, परवान्याचा क्रमांक चिपमधून आपोआप उचलला जातो.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. कोरं विंडोज बसवायला घेतलं की पडदा म्हणतो, एकही ड्राइव्ह सापडला नाही. माणसाला वाटतं एसएसडी गेली. बरेचदा ती ठणठणीत असते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि कोऱ्या विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या पानावर 'रॅपिड स्टोरेज' नावाचा ड्रायव्हर असतो. तो उतरवा, 'एक्स्ट्रॅक्ट' करून त्यातल्या फाइली मोकळ्या करा आणि याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. बसवताना 'लोड ड्रायव्हर' म्हटलं की एसएसडी दिसायला लागते.

वाय-फायचा ड्रायव्हरही तिथेच ठेवा. नाहीतर विंडोज बसतं, पण वाय-फाय दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला वाय-फाय हवं! तेवढ्यातून सुटायची एक वाट आहे: फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं. पण आमच्याकडे रेंजसाठी फोन घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं, तिथे लॅपटॉपही नेणार का?

*बनवलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय ठेवू नका.* लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा, चालू करतानाच बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबत राहा. डेल आणि लिनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप, एसरला एफ १२, पण ती आधी बायोसमध्ये जाऊन सुरू करावी लागते. लिनोव्होच्या काही मॉडेलना कडेला टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं. लपवलेल्या तुकड्यातून थेट रिकव्हरी उघडायची कळ वेगळी: एचपीला एफ ११, असूसला एफ ९, एसरला ऑल्ट आणि एफ १०. मॉडेलप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून तुमच्या मशीनवर जी चालली ती वहीत लिहा. विंडोजचा पहिला पडदा दिसला की पेनड्राइव्ह चालतोय हे कळलं. तिथून पुढे न जाता लॅपटॉप बंद करा आणि पेनड्राइव्ह काढा.

"सेटिंगमध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे की, मग पेनड्राइव्ह कशाला?" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. आहे, आणि विंडोज उघडत असेल तर आधी तेच वापरावं. पण त्यातला क्लाउडचा पर्याय काही जीबी डेटा मागतो आणि स्थानिक पर्यायाला एसएसडी शाबूत लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल परत यायला किती दिवस गेले ते तिकडच्यांना विचारा. पेनड्राइव्हला नेट लागत नाही.

७. न मिळालेलं पुस्तक उतरवून घ्या

कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेलचं पूर्ण नाव टाका. 'आयडियापॅड' किंवा 'इन्स्पिरॉन' एवढ्याने भागत नाही, पुढचे आकडे-अक्षरंही हवीत, ती तळाच्या लेबलवर असतात. तिथे दोन पुस्तकं मिळतात. वापरकर्त्याचं पुस्तक फारसं कामाचं नाही, त्यात चार्जर कुठे लावायचा एवढंच असतं. दुसरं मात्र सोनं आहे: दुरुस्तीची पुस्तिका. लिनोव्हो, डेल आणि एचपी ती फुकट देतात. कुठला स्क्रू कुठे, बॅटरी कशी काढायची, रॅमचा खण आहे की नाही, सुट्या भागाचा क्रमांक काय, सगळं चित्रांसकट. तुम्ही स्वतः पाना हातात घेणार नसलात तरी तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला ती दाखवा. तो झाकण उचकटून न काढता नीट उघडेल.

पीडीएफ फोनमध्ये ठेवा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवरही. लॅपटॉपमध्येच ठेवली तर पुन्हा तिजोरीतलीच किल्ली.

८. वीज, वारा, ओल

पुस्तिकेत हे नसतं. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणून संध्याकाळी व्होल्टेज कमी झालं तर घाबरायचं कारण नाही, स्टॅबिलायझरचा खर्च नको. भीती असते ती गेलेली लाइट परत येते तेव्हाच्या झटक्याची आणि विजेची. लाइट गेली की प्लग काढा, आल्यावर थोडं थांबून लावा. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरला वायरने जोडलेला असेल तर तीही काढा.

धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर लॅपटॉप बदलून मागू नका, आधी अर्थिंग तपासा. जुन्या चिरेबंदी घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. असली तरी जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो. वायरमनला दाखवा, खड्ड्यात पाणी घाला. चार्जरची तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात कोंबणं हा उपाय नव्हे.

पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप बुरा धरतो, रोज वापरलेला धरत नाही, कारण तो स्वतःच्या उष्णतेने सुकत राहतो. म्हणून नवा आहे म्हणून जपून ठेवण्याऐवजी वापरा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. समुद्राला लागून घर असेल तर खाऱ्या वाऱ्यात, पडवीत रात्रभर उघडा ठेवू नका, यूएसबीच्या तोंडांना गंज चढतो. एसीच्या गाडीतून उतरल्यावर लगेच चालू करू नका, आत दव धरलेलं असतं. घर बंद करून मुंबईला जाणार असाल तर लॅपटॉप बरोबर न्या. ठेवायचाच झाला तर बॅटरी निम्मी भरलेली असू द्या.

पाणी शिरणं, मुंग्या-झुरळं, गंज, यातलं काहीही साध्या वॉरंटीत बसत नाही. एसटीने किंवा दुचाकीवर रोज ये-जा करणाऱ्या मुलांसाठी अपघात-संरक्षणाची वाढीव वॉरंटी मला वाजवी वाटते. घरी टेबलावरच राहणाऱ्या लॅपटॉपला तिची गरज नाही.

आणि कागदांबद्दल एक: २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तळमजल्यावरची कपाटंच्या कपाटं वाशिष्ठीच्या चिखलात गेली. वही आणि पेनड्राइव्ह झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, आणि ४८ आकड्यांची एक नक्कल दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या नातेवाइकाकडे.

९. बिघडलाच तर, या क्रमाने

घाईघाईने 'फॉरमॅट मार' म्हणू नका. आधी चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. इतक्यानेही कितीतरी लॅपटॉप जागे होतात. विंडोज अर्धवट उघडत असेल तर शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' करा, दुरुस्तीचा मेनू येतो. तिथे 'स्टार्टअप रिपेअर' आणि आधीचं अपडेट काढून टाकायची सोय आहे. त्याने झालं नाही तर फाइली ठेवून रिसेट. तेही नाही तर पहिला पेनड्राइव्ह, आणि त्यावरूनही परत बसेना तर दुसरा. पेनड्राइव्हवरून विंडोज परत बसवताना तुमच्या फाइली जातात, म्हणून हिशेब आणि फोटो यांची वेगळी नक्कल बाहेरच्या डिस्कवर आधीपासून असायला हवी. ती नसेल तर कोरं विंडोज बसवण्याआधी उबुंटू या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून फाइली बाहेर काढता येतात का ते जाणकाराकडून बघून घ्या. तिथेही ते ४८ आकडे लागतीलच.

वॉरंटीत देण्याआधी तक्रार क्रमांक लेखी घ्या, नुसत्या "उद्या माणूस येईल"वर विसंबू नका. लॅपटॉप न्यायला लागला तर पोचपावतीवर सिरीयल क्रमांक आणि बाहेरून दिसणारे ओरखडे लिहून घ्या, चार्जर दिला असेल तर तोही. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची, रत्नागिरीकरांना रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गकरांना ओरोसला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मग लॅपटॉप मुंबईहून आणलेला असला तरी. बिल, तक्रार क्रमांक आणि पोचपावती एवढं मात्र बरोबर न्या.